प्रदर्शनाआधीचे पंचांग

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे लिखित रूप)



पंचांगात मृगापासून हस्तापर्यंतच्या प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहन नेमून दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ. नोकरीधंद्यासाठी दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हे पान उघडले जाते, शेत उरलेले नसले तरीही. भाकीत खरे ठरो वा खोटे, वाचणाऱ्याचे कुतूहल तेवढे भागते. ढगांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

संगणक आणि तत्सम उपकरणांच्या व्यापारातही असेच एक पंचांग वर्षानुवर्षे मांडले जात आहे. लास वेगासला दर जानेवारीत भरणारे ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्रदर्शन (ते पहिल्यांदा १९६७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला भरले होते), त्याच शहरात १९७९ पासून २००३ पर्यंत गाजलेले 'कॉमडेक्स', तैपेईचे 'कॉम्प्युटेक्स', पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोला भरणारे 'मॅकवर्ल्ड'. यांपैकी कोणत्याही प्रदर्शनाचे पडदे वर जाण्याआधी काही आठवडे जाणकार, अर्धजाणकार आणि निव्वळ हौशी अशी सारी मंडळी सांगू लागतात की यंदा अमुक कंपनी तमुक यंत्र आणणार, त्याचा पडदा इतक्या इंचांचा असणार, किंमत एवढी असणार. वृत्तपत्रे ते छापतात, लोक चवीने वाचतात. वरवर पाहता हा सारा निरुपद्रवी करमणुकीचा मामला वाटतो.

तो तसा नाही. नक्षत्राचे वाहन ढगांच्या कानावर जात नाही. यंत्राविषयीचे भाकीत मात्र कारखानदाराच्या, दुकानदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या कानावर जाते, आणि त्या नुसत्या ऐकण्यानेच पुढचे घडणे बदलते. उद्या काय येणार हे कळले की आज जे दुकानात मांडलेले आहे त्याची किंमत त्याच क्षणी उतरते.

या गोष्टीला ज्या माणसाचे नाव मिळाले त्याचे बालपण भारतात गेले होते. अ‍ॅडम ऑस्बर्न यांचा जन्म १९३९ साली बँकॉकमध्ये झाला. वडील आर्थर ऑस्बर्न इंग्रज, आई पोलिश. हे वडील पुढे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार म्हणून ओळखले गेले. महायुद्धाच्या काळात ते जपान्यांच्या कैदेत अडकले असताना पत्नी व मुले तिरुवण्णामलै येथे आश्रमाच्या सावलीत राहत होती. अ‍ॅडमचे सुरुवातीचे शिक्षण कोडाईकनालला झाले. पुढे इंग्लंडात रसायन अभियांत्रिकी, अमेरिकेत डॉक्टरेट, काही काळ तेलकंपनीत नोकरी, आणि मग सूक्ष्मसंगणकांवरच्या पुस्तकांचे लेखन व प्रकाशन. ते प्रकाशनगृह १९७९ मध्ये विकून त्यांनी स्वतःच संगणक बनवायचे ठरवले.

१९८१ च्या एप्रिलमध्ये वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर या प्रदर्शनात 'ऑस्बर्न-१' प्रथम लोकांसमोर आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा जेमतेम ५ इंचांचा, आकार शिवणयंत्राच्या पेटीसारखा. पण मूठ धरून उचलता येत होता आणि विमानात आसनाखाली सरकवता येत होता. किंमत १,७९५ डॉलर. त्या किमतीत लेखनाची, हिशेबाची आणि इतर सॉफ्टवेअर सोबतच मिळत, जी वेगळी घेतली तर जवळजवळ तेवढेच पैसे पडले असते. लोकांनी ते यंत्र अक्षरशः उचलून नेले. ऐन भरात महिन्याला सुमारे १०,००० यंत्रे विकली जात होती. एका प्रदर्शनातून जन्मलेली कंपनी दोन वर्षांच्या आत अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांत गणली जाऊ लागली.

१९८३ च्या आरंभी ऑस्बर्न यांनी पत्रकारांना पुढची, अधिक चांगली यंत्रे दाखवायला सुरुवात केली. अट अशी की योग्य दिवस येईपर्यंत त्याविषयी छापायचे नाही. बातमी अर्थातच दुकानदारांपर्यंत पोचली. नवे येणार आहे म्हटल्यावर जुन्याच्या मागण्या त्यांनी आखडत्या घेतल्या, काहींनी रद्द केल्या. गोदामात माल साचला, तिजोरीत पैसा येईना, नवे यंत्र पुरेशा संख्येने बनवायला लागणारे भांडवल त्याच तिजोरीतून यायचे होते. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हापासून नव्याची वाच्यता अकाली झाल्यामुळे जुन्याची विक्री कोसळणे याला व्यापारी भाषेत 'ऑस्बर्न परिणाम' असे नावच पडले.

ही कथा व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि दंतकथांप्रमाणेच ती थोडी जास्त सरळ आहे. १९८२ मध्ये 'केप्रो' नावाचे स्पर्धक यंत्र मिळू लागले होते आणि त्याचा पडदा ९ इंचांचा होता. १९८१ च्या ऑगस्टपासून आयबीएमचा पीसी बाजारात होता. त्याच्याशी जुळणारा आणि उचलून नेता येणारा 'कॉम्पॅक' १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला. ऑस्बर्न यांचे नवे 'एक्झिक्युटिव्ह' मात्र २,४९५ डॉलरचे. अशा वेळी दुकानदारांनी हात आखडला नसता तरच नवल. म्हणजे कंपनी केवळ एका अकाली उच्चारलेल्या वाक्याने बुडाली हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पण त्या अर्ध्या सत्याचा धाक पुढची चार दशके प्रत्येक संगणक कंपनीच्या मनात राहिला, आणि यंत्रांभोवतीची आजची कडेकोट गुप्तता बऱ्याच अंशी त्या धाकाची संतती आहे. ऑस्बर्न स्वतः पुढे प्रकृती ढासळल्यावर भारतात परतले आणि २००३ च्या मार्चमध्ये कोडाईकनाललाच निवर्तले.

अकाली वाच्यता हे जसे संकट, तसेच ते शस्त्रही होऊ शकते. १९८३ च्याच नोव्हेंबरमध्ये, कॉमडेक्सच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने 'विंडोज'ची घोषणा केली. माल पुढच्या वर्षाच्या पूर्वार्धात मिळेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला. मधल्या दोन वर्षांत स्पर्धकांची तयार सॉफ्टवेअर घ्यावीत की थोडे थांबावे, या विचारात अनेक गिऱ्हाइके थांबली. जो माल केवळ घोषणेत आहे, हाती मात्र लागत नाही, त्याला त्या काळापासून इंग्रजीत 'व्हेपरवेअर' म्हणजे वाफेचा माल म्हणू लागले. ज्याच्याकडे विकायला जुने यंत्र आहे त्याला वाच्यता मारते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ती तारते. भाकीत वाचताना ते कोणाच्या सोयीचे आहे हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

आता भाकिते होतात कशी, हे पाहण्यासारखे आहे, कारण त्यांतील काही ज्योतिषापेक्षा खगोलगणिताच्या जवळची आहेत. १९६५ च्या एप्रिलमध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकात गॉर्डन मूर यांनी लिहिले की एका चिपवर बसवता येणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे आणि त्याच गतीने १९७५ पर्यंत ती ६५,००० वर जाईल. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच हा काळ दुरुस्त करून दोन वर्षांवर आणला. यात कोणाचे गुपित फोडलेले नव्हते. पण पुढील काही वर्षांत तेवढ्याच पैशांत किती स्मरणशक्तीचे यंत्र मिळेल, हे या एका रेषेवरून साधारण सांगता येत असे. ग्रहण सांगणे आणि लग्न कधी जमेल हे सांगणे यांत जेवढा फरक आहे, तेवढाच या भाकितात आणि प्रदर्शनाआधीच्या अफवेत आहे.

दुसरा मार्ग कागदपत्रांचा. रेडिओलहरी वापरणारे कोणतेही उपकरण अमेरिकेत विकण्याआधी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची मान्यता घ्यावी लागते आणि तिथल्या नोंदी कोणालाही पाहता येतात. ९ जानेवारी २००७ रोजी मॅकवर्ल्डमध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी हे मोकळेपणी मान्य केले. यंत्र जूनमध्ये यायचे होते. पण मान्यतेच्या नोंदीतून जगाला ते कळण्यापेक्षा आपणच आधी सांगितलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या कंपनीच्या गुप्ततेचा एवढा दबदबा, तिचेही वेळापत्रक अशा रीतीने एका सरकारी नोंदवहीने ठरवले. भारतातही २०१२ च्या आदेशाने अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली. एखाद्या अपरिचित नमुन्याचा क्रमांक त्या यादीत दिसला की तो इथे विक्रीला येणार हे चाणाक्ष वार्ताहर ओळखतात.

तिसरा मार्ग सुट्या भागांचा. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने पाच उत्पादकांशी फ्लॅश स्मृतिचिपांच्या पुरवठ्याचे २०१० पर्यंतचे करार केले आणि त्यापोटी १२५ कोटी डॉलर आगाऊ मोजण्याचे जाहीर केले. लग्नघराने तांदळाची पोती आधीच भरून ठेवली की पंगत किती मोठी बसणार याचा अंदाज शेजाऱ्यांना येतो. पदार्थ कोणते असतील हे मात्र पोत्यांवरून कळत नाही. फिरत्या तबकड्यांचे दिवस भरले आणि पुढची हातातील यंत्रे चिपांवर चालणार, एवढे त्या करारावरून दिसत होते.

चौथा मार्ग फितुरीचा, आणि खरी किंमत मोजावी लागते ती तिथे. एका अमेरिकी मुलाने वयाच्या तेराव्या वर्षापासून अ‍ॅपलच्या येऊ घातलेल्या यंत्रांची माहिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. त्याच्या प्रकाशनाचे नाव 'थिंक सीक्रेट'. डिसेंबर २००४ च्या अखेरीस त्याने लिहिले की मॅकवर्ल्डमध्ये ४९९ डॉलरचा, पडद्याविना विकला जाणारा एक स्वस्त संगणक येणार आहे. ४ जानेवारी २००५ रोजी कंपनीने त्याच्यावर व्यापारी गुपिते फोडल्याचा दावा लावला. त्यानंतर एका आठवड्याने, ११ जानेवारीला, व्यासपीठावर 'मॅक मिनी' अवतरला आणि त्याची किंमत नेमकी ४९९ डॉलर होती. भाकीत तंतोतंत उतरले होते. पण ते सांगणारा तोवर हार्वर्ड विद्यापीठात शिकणारा १९ वर्षांचा तरुण होता आणि समोर जगातील एक श्रीमंत कंपनी उभी होती. जवळजवळ तीन वर्षे ते प्रकरण चालले. २००७ च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली. माहिती देणाऱ्यांची नावे त्याने उघड केली नाहीत; प्रकाशन मात्र कायमचे बंद झाले.

त्याच सुमारास दुसरा एक वाद उभा राहिला होता. संगीत ध्वनिमुद्रणासाठीच्या एका जोडउपकरणाची माहिती फुटली, आणि ती छापणाऱ्यांना मिळाली कोणाकडून हे शोधण्यासाठी कंपनीने त्यांचा पत्रव्यवहार मागितला. मे २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना मिळणारे संरक्षण अशा प्रकाशकांनाही मिळेल. निवाडा महत्त्वाचा आहेच; पण गंमत अशी की ज्या उपकरणावरून एवढे रण माजले ते कधी बाजारात आलेच नाही. भाकीत खोटे ठरले म्हणावे, की भाकितानेच यंत्राचा बळी घेतला, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाला करता येण्यासारखा नाही. येथे कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेत दहा यंत्रे जन्मतात तेव्हा नऊ तिथेच गाडावी लागतात. ती गाडण्याची मोकळीक हवी असेल तर बारशाआधी नाव फुटून चालत नाही.

एवढे मार्ग हाताशी असूनही भाकिते चुकतात, आणि चुकतात ती बहुधा दोनच ठिकाणी: रूपात आणि किमतीत. २००७ पूर्वी अ‍ॅपल फोन आणणार याविषयी फारशी कोणाला शंका नव्हती. शंका नसलेल्यांनी रेखाटलेली चित्रे मात्र बहुतेक आयपॉडच्याच चेहऱ्याची होती. गोल फिरणारी चकती आणि तिच्यावर क्रमांक. जॉब्स यांनी त्या दिवशी आधी आयपॉडवर जुन्या टेलिफोनची तबकडी चिकटवलेले चित्र दाखवून सभागृहाला हसवले, आणि मग ज्याला जवळजवळ बटणेच नाहीत असे यंत्र काढले. भाकीतकार आजच्या यंत्राला उद्याचे वस्त्र नेसवतो. यंत्राची कायाच बदलेल ही कल्पना सुट्या भागांच्या यादीत सापडत नाही. याउलट नामवंतांनाही काळ हुकतो. २००१ च्या कॉमडेक्समध्ये बिल गेट्स यांनी सांगितले होते की पाच वर्षांत पाटीसारखा संगणक अमेरिकेत सर्वाधिक खपणारा प्रकार असेल. दिशा बरोबर होती. पाच वर्षांनी तसे काहीच झाले नाही.

मग जानेवारी २०१० उजाडला. अ‍ॅपल पाटीसंगणक आणणार हे एव्हाना सर्वतोमुखी झाले होते. तिच्यावर कडी करण्यासाठी ६ जानेवारीला लास वेगासच्या व्यासपीठावरून मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी एचपीची पाटी उंचावून दाखवली. २७ जानेवारीला आयपॅड प्रकटला. जाणकारांनी एकमुखाने ९९९ डॉलर ही किंमत सांगितली होती. जॉब्स यांनी तोच आकडा आधी पडद्यावर झळकवला आणि मग तो फोडून खाली ४९९ आणला. भाकिताने ग्राहकांची मने एका आकड्यासाठी तयार करून ठेवली होती. त्या तयारीचा लाभ कंपनीने फुकटात उठवला. अफवा फोडणाऱ्यांवर दावे लावणाऱ्या कंपनीची याहून मोठी सेवा अफवेने क्वचितच केली असेल.

भारतात या पंचांगाचे आणखी एक गणित होते, आणि ते इथल्या पालकांच्या खिशाशी थेट निगडित होते. आयफोन अमेरिकेत २००७ च्या जूनमध्ये आला. इथे त्याची दुसरी आवृत्ती २००८ च्या ऑगस्टमध्ये ३१,००० रुपयांना मिळू लागली. आयपॅडची कथा अधिक बोलकी आहे. परदेशात २०१० च्या एप्रिलमध्ये विकला जाऊ लागलेला हा संगणक भारतात अधिकृतपणे आला तो जानेवारी २०११ च्या अखेरीस, किंमत २७,९०० रुपयांपासून पुढे. ज्यांनी तो हौसेने घेतला त्यांना जेमतेम महिना झाला तोच, २ मार्चला, त्याची दुसरी, अधिक पातळ आवृत्ती जाहीर झाली, आणि एप्रिलअखेर ती भारतात २९,५०० रुपयांना मिळू लागली. ज्याने परदेशी वार्तांकडे लक्ष ठेवले होते तो तीन महिने थांबला आणि दीड-दोन हजार अधिक देऊन पुष्कळच चांगले यंत्र घेऊन गेला. लेकाच्या दहावीच्या निकालासाठी ठेवलेले पैसे घेऊन दुकानात शिरणाऱ्या बापाला त्या अफवा करमणुकीच्या नव्हत्या.

मात्र थांबण्याचीही एक किंमत असते, आणि ती कोणत्या पावतीवर छापलेली नसते. पुढचे यंत्र नेहमीच अधिक चांगले असणार. त्याची वाट पाहणाऱ्याला आजचे कधीच घेता येत नाही. ऑस्बर्न यांच्या दुकानदारांनी केले तेच घरोघरचा ग्राहक करू लागतो आणि मुलीचे एक शैक्षणिक वर्ष संगणकाविना निघून जाते. म्हणून अफवांपेक्षा कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या तारखा पाहणे अधिक उपयोगाचे ठरते, आणि त्यातही यंत्र कधी येणार यापेक्षा त्याची देखभाल कधी थांबणार ही तारीख. विंडोज-१० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे कित्येक वर्षे आधी छापील स्वरूपात उपलब्ध होते. ती तारीख सांगायला कोणी फितूर लागला नाही, आणि म्हणूनच कदाचित फारसे कोणी तिकडे पाहिले नाही.

तिलाही जोडून एक तपशील आला, जो कोणत्याही प्रदर्शनाआधीच्या पंचांगात नव्हता. जानेवारी २०१७ च्या लास वेगास प्रदर्शनात इंटेलने सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मांडले. त्याच वर्षी ऑगस्टपासून आठवी पिढी येऊ लागली. पातळ लॅपटॉपांत दोनऐवजी चार गाभे मिळतील असे भाकीत तिच्याविषयी झाले आणि ते खरे ठरले. वेगाच्या दृष्टीने घरच्या वा शाळेच्या नेहमीच्या कामाला दोन्ही पुरेसे होते, त्यामुळे ज्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणककक्ष सजवायचा होता त्यांनी सातव्या पिढीची यंत्रे थोडी स्वस्तात घेतली, तेव्हाच्या हिशेबाने शहाणपणानेच. जून २०२१ मध्ये विंडोज-११ जाहीर झाले तेव्हा मायक्रोसॉफ्टने पात्रतेची रेषा नेमकी आठव्या पिढीपाशी ओढली. मोजके अपवाद सोडता सातव्या पिढीची सारी यंत्रे रेषेच्या अलीकडे राहिली. त्याच वर्षीच्या दिवाळीत घेतलेले आठव्या पिढीचे यंत्र पात्र, आणि मे महिन्यात घेतलेले, तितकेच धडधाकट असलेले, अपात्र.